चोवीस-शहाण्णवची फाइल, पण तंबोऱ्याची जवारी बंद. खरी हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा मोठ्या मापाची फाइल, ओळखायची कशी?

जवारीवाला (मिरज)

नमस्कार मंडळी. आमच्या घरात तंतुवाद्यांचं काम आहे. घोडीवर कानस फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा कानस. दिवस असाच जातो. त्यामुळे जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला आणलेली झणझणती झळाळी, खुली आहे की बंद, हे पहिल्या छेडीलाच कळतं. फाइलींच्या बाबतीत मात्र तुमच्यासारख्यांना विचारल्याशिवाय इलाज नाही.

गेल्या महिन्यात परदेशातल्या एका ऑनलाइन दुकानातून १९६० च्या दशकातल्या एका ख्यालाच्या एलपीची २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता दाबलेली फाइल) घेतली. साडेचौदाशे रुपये मोजले. तीच एलपी वडिलांनी कॅसेटवर उतरवून घेतली होती, ती माझ्याकडे आहे. नव्या फाइलीत खरखर अजिबात नाही, गायकाचा गळा अगदी पुढ्यात येतो. पण तंबोरा गेला! कॅसेटमध्ये विलंबितात गायक श्वास घेतो तिथे पंचम, जोड, खर्ज अशा सगळ्या तारा ऐकू येतात आणि खर्ज विरता विरता स्वयंभू गांधार, म्हणजे कुणी न छेडता आपोआप निघणारा ग, उमटतो. फाइलीत त्या जागी जणू कुणीतरी तंबोऱ्यावर गोधडी टाकली आहे.

स्पेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलीतल्या खालच्या-वरच्या कंपनांचं चित्र काढून पाहिलं. २२ किलोहर्ट्झवर विळीनं कापल्यासारखी आडवी रेषा, तिच्या वर सगळं काळं. मला फसवलंय का? आणि माझा गांधार त्या काळ्या भागात गेला का?

स्पूलवरून (ठाणे)

जवारीवाले, तुमच्या या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

आधी रेषा. सीडीत दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि त्यांच्या निम्म्यापर्यंतच, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंतच स्वर मावतो. जुन्या टेपवरून थेट ९६ ला उतरवलं असतं, तर टेपची सळसळ वर वर फिकी होत गेली असती, एका रेषेवर तुटली नसती. म्हणजे सीडीच्या मापाचं ध्वनिमुद्रण घेऊन ९६ च्या पिंपात ओतलेलं आहे. पिंप मोठं झालं, पाणी तेवढंच. (ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये बघणार असाल तर या चित्राची, म्हणजे स्पेक्ट्रोग्रामची, वरची मर्यादा आधी ४८,००० करा, नाहीतर चांगली फाइलही कापलेली दिसेल.)

आता गांधार. तो तिथे वर नव्हताच. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. त्याची पाचपट म्हणजे साधारण ३४६ हर्ट्झ, हाच तुमचा स्वयंभू गांधार. जवारीची झळाळी आणखी काही हजार हर्ट्झपर्यंत जाते, पण २२ हजारांच्या खूप खाली राहते. म्हणून तर तुमच्या कॅसेटवरही ती टिकली.

तिला मारलंय ते खरखर काढणाऱ्या सॉफ्टवेअरनं. ते रिकाम्या जागेतल्या खरखरीचा नमुना घेतं आणि त्या पातळीच्या आसपासचं सगळं दाबतं. विरत जाणारी खर्जाची तार मंद आणि एकसंध असते, त्यामुळे तीही खरखरीबरोबर जाते. मी वीस वर्षं टेपा उतरवतोय आणि सगळ्यात जास्त जीव तळमळतो तो याच प्रकारानं. गायकामागची ती खरखर राहू द्यावी, कारण तंबोरा तिच्याच आत बसलेला असतो.

पडताळायचं असेल तर त्याच ध्वनिमुद्रणाची जुनी सीडी शोधा. तुमची फाइल ४४.१ ला आणा, दोन्हींची पातळी सारखी करा, नमुन्याला नमुना जुळवा, मग एकीची लाट उलटी (वरची खाली) करून दोन्हींची बेरीज करा. जे समान असेल ते कटेल, फरक तेवढा उरेल.

डॅटची कॅसेट (नाशिक)

स्पूलवरून यांचं पटतं, पण उलट बाजूही ध्यानात ठेवा. २२ च्या वर काही दिसलं म्हणजे फाइल खरी, असं नाही. एलपीवरचा प्रत्येक टिचका ४० किलोहर्ट्झपर्यंत उभी रेघ मारतो आणि सुईची विकृतीही वर जाते. असं चित्र भरगच्च दिसतं, पण त्यात संगीत नसतं.

एखाद्या मैफलीची मूळ प्रतच डॅटवर (डिजिटल ऑडिओ टेपवर) असेल, तर ती सहसा फार तर ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. तिच्यातून १९२ ची फाइल काढून विकली, तरी २४ किलोहर्ट्झच्या वर मूळचं काही येणार नाही. मी विकत घेण्याआधी एकच विचारतो: मूळ टेप कोणती आणि उतरवली कधी? उत्तर देणारे दुकानदार कमी आहेत, पण आहेत.

फाइलीचा बिटरेटही बघा. २४/९६ स्टिरिओ न दाबता ४,६०८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) होतो. १६ बिटांमागे नुसती शून्यं जोडली असतील, तर फ्लॅक ती ओळखून गुंडाळते आणि आकार संशय यावा इतका लहान होतो. मोनो ध्वनिमुद्रणाला मात्र हा नियम लावू नका. दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे ते तसंही निम्म्यावर येतं.

जवारीवाला (मिरज)

उशिरा लिहितोय, माफ करा. सीडी मिळायला बारा दिवस लागले, कोल्हापूरच्या एका जुन्या विक्रेत्याकडे सापडली. १६ बिट, ४४.१. ऐकल्या ऐकल्या समजलं: खरखर आहे, तंबोरा आहे, जवारी खुली आहे. ज्या फाइलीचे जास्त पैसे दिले तिच्यापेक्षा ही चांगली.

काल रात्री भाच्याला बसवून ती उलटी बेरीज केली. जुळवायलाच दोन तास गेले. गायक जवळजवळ नाहीसा झाला, तबल्याची थोडीशी थाप राहिली. उरली ती सळसळ आणि तिच्यात पंचम, जोड, जोड, खर्ज. अगदी सावकाश, एकामागून एक, आणि खर्ज सुटल्यावर गांधार. त्यांनी जे काढून टाकलं होतं, तेच आम्ही दोघं अंधारात बसून ऐकत होतो.

दुकानाला दोन्ही चित्रं आणि तो उरलेला आवाज पाठवला आहे. सीडी कामाच्या खोलीत ठेवली आहे. आज सकाळी तीच लावून एका तंबोऱ्याची जवारी काढली.