‘सँड्स ऑफ टाइम’चा प्रिन्स डी अँड डीमध्ये बसवतोय, पण वेळ मागे फिरत नाहीये

वीसपैलू:
आम्ही पाच जण दर रविवारी इंदिरानगरला एकाच्या गच्चीवरच्या खोलीत डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्र बनून फाशांवर खेळायचा खेळ) खेळतो. पाचवी आवृत्ती, 2014 चं पुस्तक. नवी मोहीम पाचव्या लेव्हलपासून सुरू होतेय आणि मला 2003 च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’मधला प्रिन्स खेळायचाय, ज्याला खंजिरातल्या वाळूने वेळ मागे फिरवता येतो. नाशिकरोडला आतेभावाच्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघांनी तो गेम संपवला होता. लोडशेडिंगचे दिवस. सेव्ह करायचा वाळूचा झोत सापडेपर्यंत एक डोळा स्क्रीनवर, एक घड्याळावर. म्हणून हे पात्र मला नीट जमवायचंय.

सध्या बनवलंय ते असं: व्हेरियंट ह्यूमन (माणूस), मंक (लढवय्या भिक्षू) लेव्हल 3, विझार्ड (जादूगार) लेव्हल 2, फीट म्हणजे जादाचं कौशल्य लकी, त्यात फासा पुन्हा टाकता येतो. विझार्ड घेतला तो क्रोनर्जी या वेळेच्या जादूच्या शाखेसाठी. तिथे दुसऱ्या लेव्हलला क्रोनल शिफ्ट मिळतं, लाँग रेस्टमागे (पूर्ण झोपेमागे) दोनदा समोरच्याचा किंवा आपला डी-ट्वेंटी (वीसपैलू फासा) पुन्हा टाकायला लावता येतो. गुणांवर वाटायच्या 27 पॉइंटमध्ये डेक्स (चपळाई) 15, विज्डम 14, इंट (बुद्धी) 13, कॉन (काटकपणा) 12, स्ट्रेंथ (ताकद) 10, करिश्मा 8. ह्यूमनचा एक वाढवून डेक्स 16.

गेल्या रविवारी चाचणीचा डाव झाला. समोर दरी, अंधारात रुंदी कळेना. दहा फूट धावत येऊन लांब उडी म्हणजे स्ट्रेंथइतके फूट, माझे 10. एक ‘की’ (मंकची आतली ऊर्जा) खर्चून स्टेप ऑफ द विंड, दुप्पट झाले 20. दरी निघाली 25 फुटांची. खाली चाळीस फूट, 4 डी-सिक्स (सहापैलू फासे), 15 डॅमेज. मी ओरडलो, वेळ मागे! डीएम (खेळ चालवणारा) म्हणाला, कुठला फासा मागे घेऊ? उडीला तू फासा टाकलाच नाहीस.

त्याचं बरोबर आहे. उडी मोजून कमी पडली, तिथे ना लकी चालतं ना क्रोनल शिफ्ट. आणि गेममध्ये तर खंजिराचा सगळ्यात जास्त उपयोग चुकलेल्या उडीलाच व्हायचा! कुठला क्लास (पात्राचा प्रकार) घेऊ?

हरिहरच्या_पायऱ्या:
आधी विझार्ड काढ. दोन लेव्हल तिकडे दिल्यामुळे तुझा एक्स्ट्रा अटॅक गेला, स्टनिंग स्ट्राइक (शत्रूला सुन्न करणारा फटका) गेला, चौथ्या लेव्हलचा स्लो फॉलही (पडण्याचा मार कमी करणं) गेला. सरळ मंक 5 असतास तर रिअ‍ॅक्शन (झटपट प्रत्युत्तर) वापरून पडण्याचं डॅमेज 25 ने कमी झालं असतं, म्हणजे तुला खरचटलंही नसतं. केन्सेई ही मंकची शस्त्रधारी शाखा घे, तलवार हातात राहते.

भिंतीवरून धावणं मंकला नवव्या लेव्हलला मिळतं, तोवर थांबावं लागेल. चढताना दर फुटाला एक फूट जास्तीचा जातो. थीफला (चोराला) तिसऱ्या लेव्हलपासून तो जात नाही, म्हणून मोह होईल, पण पुन्हा दोन क्लास कालवू नकोस. हरिहरगडाच्या उभ्या पायऱ्यांवर दोन्ही बाजूंच्या खोबण्यांत बोटं रोवून वर गेलास ना, की प्रत्येक फूट दुप्पट का मोजतात ते पटतं.

बेदाणा:
वरच्यांशी सहमत, मंक 5 केन्सेई. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर क्लासमध्ये नाहीच, ते खंजिरात आहे. प्रिन्स स्वतः काही वेळेचा जादूगार नाही. चांगला तलवारबाज, त्याहून चांगला उड्या मारणारा, आणि त्याच्या हातात एक वस्तू आली. खंजीर काढून घेतला की तो साधा माणूस उरतो, आणि गोष्टीची अर्धी भीती त्यातच आहे.

दुसरं म्हणजे फासा पुन्हा टाकणं हे नशीब झालं. वेळ मागे फिरवणं म्हणजे पुढे काय आहे ते *माहीत असणं*. दरी 25 फुटांची आहे हे तू पडून शिकलास, आता काठावर परत उभा आहेस. ते शिकलेलं तुझ्याकडे राहिलं पाहिजे.

मी डीएम म्हणून आमच्या टेबलवर असा खंजीर दिला होता. पितळी वाटीत चार बेदाणे. एक बेदाणा म्हणजे तुझी चालू पाळी पुसली: जागा, हिट पॉइंट, की, सगळं पाळीच्या सुरुवातीला होतं तसं. मेलास तरी, वाटीत बेदाणा असेल तर चालतं, गेममध्येही वाळू शिल्लक असली तर चालायचं. वापरलेला बेदाणा खेळाडूने तिथेच खायचा. आणि वाटी झोपून उठल्यावर भरत नाही. पडलेल्या शत्रूच्या अंगात खंजीर खुपसून वाळू ओढून घ्यायची, त्यात पूर्ण अ‍ॅक्शन जाते. तीन शत्रू अंगावर येत असताना ती अ‍ॅक्शन खर्चायची की नाही, हा विचार करताना आमच्या खेळाडूचा हात वाटीवरच असायचा.

आणि त्या वाळूच्या झोतात पुढच्या भागाची झलक दिसायची, आठवतं? तुमच्या डीएमला सांग, लाँग रेस्टनंतर तीन तुटक दृश्यं सांगायची. फुटलेला जिना, पाण्यावर तरंगणारी पगडी, एवढंच.

गोदाकाठ:
बेदाणाताई, एक शंका. त्याच्या पाळीत दुसऱ्या कुणी रिअ‍ॅक्शनने क्रिट (दुप्पट फाशांचा वार) मारला असेल तर तोही पुसला जाणार? आमच्याकडे यावरून भांडण होईल.

बेदाणा:
होईलच. आमच्याकडे त्या दुसऱ्याला विचारायचं. तो नाही म्हणाला तर बेदाणा वाटीत परत.

वीसपैलू:
काल खेळलो. मंक 5, केन्सेई, चौथ्या लेव्हलला डेक्स 18. डीएमने खंजीर मान्य केला, पण बेदाणे तीनच दिले.

पहिला लगेच गेला, जिन्याच्या फुटक्या पायरीवर. दुसरा मी मुद्दाम खर्चला. बंद दाराआड काय आहे ते बघायला आत घुसलो, मार खाल्ला, पाळी पुसली आणि मग बाकीच्यांना सांगितलं की डावीकडे दोन धनुर्धारी आहेत. दार उघडताच आमच्या क्लेरिकने (पुजाऱ्याने) सरळ डावीकडे वळून मंत्र टाकला. आणखी एक गोष्ट डीएमने आपणहून केली. गेममध्ये प्रिन्स स्वतःच गोष्ट सांगत असतो आणि तो मेला की म्हणतो, असं झालं नव्हतं. आता बेदाणा उचलताना मी ते म्हटल्याशिवाय वेळ मागे फिरत नाही.

तिसरा अजून वाटीत आहे. पुढच्या रविवारी मनोऱ्यापासून सुरू.