विषय: शिरढोणचा फडके वाडा

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात आम्ही खारघरला सासरी असू. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी चौदाची. रायगड मागच्या खेपेला झाला. या वेळी अर्ध्या दिवसात होईल असं काही हवंय. शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं घर जपून ठेवलंय असं ऐकलं. कोणी गेलंय का? मुलांना तिथे काय सांगावं?

---

अगं, नक्की जा. मी सध्या लेकाकडे कामोठ्यात आहे, नुकतीच जाऊन आले. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागायचं, पळस्पे फाटा मागे टाकला की कर्नाळा अभयारण्याच्या अलीकडे शिरढोण.

वाटेत कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. तो मुलांना आधी दाखव. वासुदेवांचे आजोबा अनंतराव त्या गडाचे किल्लेदार. १८१८ मध्ये गड इंग्रजांकडे गेला आणि ४ नोव्हेंबर १८४५ ला नातू जन्मला तो गड गमावलेल्या घरात.

बंडाच्या गोष्टी मुलांना आवडतीलच, पण मी आधी रजेच्या अर्जाची सांगेन. वासुदेव पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असल्याचं कळलं, साहेबाने रजा दिली नाही. तसेच निघाले, पोचेपर्यंत आई गेली होती. पुढे वर्षश्राद्धालाही रजा नाकारली. आपल्यापैकी कितीजणांनी परदेशात असा फोन घेतलाय! मीही घेतलाय. त्या उंबऱ्यापाशी मला क्षणभर पुढे पाऊल टाकवेना.

अर्थात नुसत्या रागाने बंड उभं राहत नाही. लहुजी वस्तादांच्या तालमीतलं शिक्षण, रानड्यांची भाषणं, १८७६-७७ चा दुष्काळ, हे सगळं त्यामागे आहे. शिकलेले लोक सोबत येईनात, तेव्हा रामोशी उभे राहिले. मे १८७९ मध्ये दौलतराव नाईकांच्या टोळीने पळस्पे आणि चिखलीवर छापे घातले. हो, आपण चहाला थांबतो तेच पळस्पे. दौलतराव त्याच मोहिमेत मारले गेले. त्यांचं नाव मुलांना आवर्जून सांग, फार मागे पडलंय ते.
– काकू

---

काकू, एडनचं राहिलं. जन्मठेपेवर तिथल्या तुरुंगात असताना त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडलं आणि निसटले. परक्या मुलुखात जाणार कुठे? पुन्हा पकडले गेले. मग अन्नत्याग केला आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला गेले. वय अवघं ३७. अकरा वर्षांच्या मुलाला त्या दाराची गोष्ट सांगाच.

फेब्रुवारीत कोणी भारतात असेल तर १७ तारीख धरा. पुण्यतिथीला गावात कार्यक्रम असतो.

---

काकू, दादा, मनापासून आभार. सकाळी लवकर कर्नाळा चढून उतरताना शिरढोण करतो. सासूबाईही येते म्हणाल्या, त्यांना गड जमणार नाही, म्हणून त्यांना आधी गावात सोडू. आणखी कोणाला यायचं असेल तर इथेच कळवा, गाडीत दोन जागा आहेत.