मदत हवी आहे : गणपतीला घरी राहायचंय, बिड (महिन्याच्या शेड्यूलसाठीची पसंती) कशी टाकू?

मंडळी, अमेरिकेतल्या एअरलाइनला उडणारं कोणी आहे का इथे? मी एअरबस ३२० वर फर्स्ट ऑफिसर, बेस नेवार्क, नुकताच रिझर्व्हमधून (कंपनी बोलावेल तेव्हा उडायची ड्युटी) सुटलोय, म्हणजे सिनियॉरिटी लिस्टमध्ये अजून तळालाच.

२०२६ चा गणपती १४ सप्टेंबरला, सोमवारी. आईबाबा नाशिकहून येतायत, इथे पहिल्यांदाच मूर्ती बसवायचीय, त्यामुळे १३ ते १५ घरी असायलाच हवं, आणि सप्टेंबरची बिड ऑगस्टमध्येच टाकावी लागते.

मागच्या वेळी पीबीएसमध्ये (पसंत्या घेऊन शेड्यूल बनवणारी सिस्टीम) सलग सात दिवस सुट्टी अशी एकच ओळ टाकली होती, सिस्टीम सिनियरपासून खाली एकेकाचं शेड्यूल भरत येते, माझ्यापर्यंत येईस्तोवर त्यातला एक शनिवार शिल्लक नव्हता तर अख्खी ओळच उडाली, आणि वरून चार दिवसांची ट्रिप, पहाटे पाचला ड्युटीवर हजर. बिडच्या निकालाच्या रिपोर्टमध्ये कारण काय तर नुसतं 'कव्हरेज', म्हणजे त्या दिवशी उडायला माणसं हवीत. बायको अजून ऐकवते.

आता तीन दिवस तीन वेगळ्या ओळींत टाकू आणि १४ सगळ्यात वर ठेवू? का सुट्टी न मागता १२ ला परतणाऱ्या आणि १६ ला निघणाऱ्या ट्रिपाच मागू? लेबर डे ७ तारखेला आहे, तो वीकेंड सिनियर लोक सोडणार नाहीत, मी तेव्हा खुशाल उडायला तयार आहे, पण हे बिडमध्ये लिहून खरंच काही फरक पडतो का? शेवटी ट्रेडवर (दुसऱ्या पायलटशी ट्रिप बदलण्यावर) विसंबायचं नाहीये, सणासुदीला कोण घेतंय आपली ट्रिप!