अकाली गेलेल्यालाही तोच 40 टक्के?

बंडू_लंडनकर: परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'ब्रिटनचा वारसाकर सगळ्यात न्याय्य, मेलेल्याला काय कळतंय?' त्याला नाही कळत हो, त्याच्या बारा वर्षांच्या लेकीला कळतं. माझा घटस्फोटित मित्र 44व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. कर्ज वजा जाता 7.2 लाख पौंड. 3.25 लाख माफ, घर लेकीला म्हणून आणखी 1.75 लाख. उरलेल्यावर 40 टक्के, म्हणजे 88 हजार. त्याच गल्लीतल्या आजोबांनी 73व्या वर्षी भाड्याचा फ्लॅट मुलाला बक्षीस दिला, 81व्या वर्षी गेले. बक्षीस दिल्यावर सात वर्षं उलटली की हा कर नाही, म्हणून कर शून्य. चव्वेचाळिशीत कोण बक्षीसपत्रं करत बसतं?

आकडेमोडे: शून्य? फ्लॅट देताना भांडवली नफ्यावर कर बसला असणार, तो गिळलात. तिथे शंभरात पाचेक मयतांमागेच हा कर लागतो. विमा ट्रस्टमध्ये, म्हणजे लेकीसाठी विश्वस्तांच्या नावे, ठेवला असता तर तोही सुटला असता.

बंडू_लंडनकर: नफ्याचं मान्य. रोख दिली असती तर? आणि 'ठेवला असता' हे तिला सांगा! एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं निस्तरणारा, मी आहे. सहा महिन्यांत कर, तोही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरचं कोर्टाचं शिक्कामोर्तब, हातात यायच्या आधी. काल मालमत्तेच्या यादीत त्याच्या बाजाच्या पेटीपुढे लिहिलं, 'जुनी, एक सूर बसलेला, 60 पौंड.'

डोंबिवलीची_मावशी: पौंडांचं रडगाणं पुरे. आपल्याकडे 1985 साली व्ही. पी. सिंगांनी इस्टेट ड्यूटी, म्हणजे आपला वारसाकर, काढली, तरी माझ्या हातात काय आलं? हे 39व्या वर्षी गेले. एफडीला नॉमिनी दीर, लग्नाआधीचा. बदलायचं राहून गेलं. बँकेने पैसे त्याला दिले, तो म्हणतो माझेच. चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या.

नानासाहेब: नॉमिनी आहे म्हणजे त्याचेच. नवऱ्याची इच्छाच तशी असेल.

डोंबिवलीची_मावशी: इच्छा? फॉर्म भरला तेव्हा मी त्यांना भेटलेही नव्हते!

आकडेमोडे: नॉमिनी नुसता हमाल, नाना. पैसे वारसांना पोचवायचे. 2023 ला सुप्रीम कोर्टाने शेअर्सबाबतही तेच सांगितलं.

नानासाहेब: कायदा शिकवू नका. भावाने भावासाठी काय केलंय ते बायकोला काय माहीत?

डोंबिवलीची_मावशी: तुम्ही कुणाचे दीर आहात का हो?

बंडू_लंडनकर: धागा वारसाकराचा आहे.

आकडेमोडे: बरं, घ्या. सूट द्यायचीच तर वारसाचं वय बघून द्या, मेलेल्याचं नव्हे. नाहीतर चाळिशीत गेलेल्या अब्जाधीशाचं फावेल.

बंडू_लंडनकर: अब्जाधीशांचं तसंही फावतं. 2016 साली वेस्टमिन्स्टरचे ड्यूक 64व्या वर्षी अचानक गेले, इस्टेट बरीचशी ट्रस्टमध्ये. 40 टक्के बसतात ते पेटीवाल्यालाच.

आकडेमोडे: ट्रस्टवर दर दहा वर्षांनी 6 टक्क्यांपर्यंत कर असतो. पण पेटीचं पटलं, थोडंसं.

डोंबिवलीची_मावशी: नानासाहेब गप्प झाले. म्हणजे दीरच.