व्हीएमचा आयपी आतून हातानं टाकावा का नाई?

कपाशीवाला, दारव्हा: रामराम मंडळी. कृषी केंद्राच्या उधारीचा हिशोब ठेवाले अॅमेझॉनवर बारकी व्हीएम (दूरचं भाड्याचं आभासी मशीन) घेतली. रात्री स्टॉप करतो, सकाळी स्टार्ट केली का पब्लिक आयपी (इंटरनेटवरून मशीन सापडाचा पत्ता) बदलते अन् दुकानातल्या मोबाईलवर काहीच उघडत नाई. म्हणून काल मशीनच्या नेटवर्क सेटिंगच्या, म्हणजे नेटप्लॅनच्या, फाइलमधी कालचाच आयपी हातानं लिहिला, अप्लाय मारलं, तं एसएसएच (दुरून मशीनमधी घुसाची वाट) लटकलं ते लटकलंच. तरी माहं म्हणनं हेच, आपल्या मशीनचा पत्ता आपणच ठरवाव, डीएचसीपीच्या (नेटवर्क आपोआप पत्ता देते त्याच्या) भरोशावर काहून राहाव?

संत्रापट्टा: अरे बापा, पब्लिक आयपी मशीनच्या आत नसतेच नं! आत 'आयपी ए' ही कमांड मारून पाहतास तं १७२.३१ नाईतर १० वाला प्रायव्हेट, म्हणजे आतल्या नेटवर्कपुरता पत्ता दिसला असता. बाहेरचा पत्ता क्लाउडवाला त्याच्या बाजूनं नॅट करून, म्हणजे पत्त्याची अदलाबदल करून, जोडते. रीबूटनं तो जात नाई, स्टॉप-स्टार्टनं जाते. इलास्टिक आयपी (न बदलणारा पब्लिक पत्ता) घे अन् आत डीएचसीपी राहू दे, बस.

जिनिंगवाला: इलास्टिक घे म्हणाले काय जाते! फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्हीफोर पत्त्याचे तासाले ०.००५ डॉलर लागतात, मशीन बंद असली तरी इलास्टिकचं मीटर चालूच, म्हणजे महिन्याचे साडेतीन डॉलरच्या वर गेले. त्यापेक्षा बूट झाल्यावर नवा पत्ता डीएनएसमधी (नावावरून पत्ता सांगते त्याच्यात) टाकणारी स्क्रिप्ट लाव, टीटीएल (पत्ता किती वेळ लक्षात ठेवाचा ते) ६० सेकंद ठेव. अन् हातानं आयपी टाकनं काही पाप नाई, आमच्या जिनिंगच्या लॅनवर (आतल्या नेटवर्कवर) सगळे प्रिंटर तसेच चालतात.

संत्रापट्टा: लॅन तुह्या घरची हाय भाऊ, तिथं तू पाटील. इथं पत्ता त्यांच्या नेटवर्क इंटरफेसले बांधलेला, आत दुसरा लिहिला तं पॅकेट त्यांच्याच दारात गळते. प्रिंटरचा दाखला इथं नोको देऊ. स्क्रिप्टचं मात्र पटलं.

कपाशीवाला: हे सगळं ठीक, पण आता आत घुसू कसा? सिरियल कन्सोल (नेटवर्कबिगर मशीनमधी घुसाची वाट) पासवर्ड मागते, मी तं पासवर्डबिगर, की फाइलवरच चालवतो.

संत्रापट्टा: मशीन स्टॉप कर, डिस्क काढून दुसऱ्या व्हीएमले लाव, माउंट करून (तिथं उघडून) नेटप्लॅनच्या फाइलमधी डीएचसीपीफोर ट्रू कर, परत जोड. अन् याच्यापुढं अप्लाय नाई, 'नेटप्लॅन ट्राय' मारत जा, १२० सेकंदांत हो नाई म्हटलं तं जुनी सेटिंग आपोआप वापस येते.

कपाशीवाला: हे आधी सांगतास तं! रात्री लाईन आली का ओलित लावतो अन् मंग बसतो डिस्क घेऊन. पत्ता आपणच ठरवाव हे मत मात्र काही हटलं नाई बरं.