व्हर्च्युअल मशीनांची माहिती स्क्रिप्टने गोळा करायची आहे, सल्ला हवा

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. एका व्हीसेंटरखाली (व्हीएमवेअरचा, सगळ्या मशीनांचं व्यवस्थापन करणारा सर्व्हर) साधारण चारशे व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आहेत. दर सोमवारी मला तक्ता द्यावा लागतो: व्हीएमचं नाव, मालक, होस्ट (ती ज्यावर चालते तो प्रत्यक्ष सर्व्हर), सर्वांत जुना स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) किती दिवसांचा आणि गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या आतल्या सिस्टिमच्या, डिस्कवर किती जागा उरली. तयार रिपोर्टात हे सगळं एकत्र मिळत नाही, म्हणून पॉवरसीएलआयमध्ये (व्हीएमवेअरसाठीच्या पॉवरशेल कमांडांचा संच) स्क्रिप्ट लिहिली. गेट-व्हीएमने यादी घेते, मग लूपमध्ये एकेका व्हीएमसाठी गेट-स्नॅपशॉट आणि गेट-व्हीएमगेस्ट चालवते. उत्तरं बरोबर येतात, पण पाऊण तास जातो. शिवाय काही व्हीएमचा डिस्कचा रकाना रिकामाच राहतो. पायथॉनकडे वळू का?

जुना_होस्ट:
भाषा बदलून काही होणार नाही. वेळ खातायत त्या खेपा, प्रत्येक व्हीएममागे व्हीसेंटरकडे दोन-दोन. गेट-व्ह्यू वापरा, व्ह्यूटाइप व्हर्च्युअलमशीन ठेवा आणि प्रॉपर्टी पॅरामीटरमध्ये फक्त लागणारी नावं द्या: नेम, रनटाइम.होस्ट, स्नॅपशॉट, गेस्ट.डिस्क, गेस्ट.टूल्सरनिंगस्टेटस, कस्टमव्हॅल्यू (‘मालक’सारखी आपण स्वतः जोडलेली माहिती). सगळ्या मशीनांचं एकदमच येतं. प्रॉपर्टी दिली नाही तर अख्खं ऑब्जेक्ट ओढलं जातं आणि फायदा निम्मा जातो.

रनटाइम.होस्टमध्ये होस्टचं नाव नसतं, नुसता संदर्भ क्रमांक असतो. होस्टांची यादी आधी एकदाच घेऊन हॅशटेबलात ठेवा, लूपमध्ये तिथूनच नाव उचला. कस्टमव्हॅल्यूचंही तसंच. तिथे की म्हणून आकडा मिळतो, कोणता आकडा म्हणजे ‘मालक’ ते अव्हेलेबलफील्डमध्ये सापडतं. जुना स्नॅपशॉट शोधायला सगळं झाड उकरू नका. पोटातला स्नॅपशॉट वरच्याच्या आधीचा असूच शकत नाही, त्यामुळे रूटस्नॅपशॉटलिस्ट पाहिली की पुरे.

आणि तो रिकामा रकाना: व्हीएमवेअर टूल्स (गेस्टमध्ये चालणारा, आतली माहिती बाहेर कळवणारा प्रोग्रॅम) चालू नसतील तर गेस्टच्या आतलं व्हीसेंटरला कळणारच नाही. तिथे चुकूनही शून्य लिहू नका. मी लिहिलं होतं. ‘उरलेली जागा ०’ वाचून सहकाऱ्याने मध्यरात्री उठून डिस्क वाढवली, आणि त्या मशीनवर भरपूर जागा होती, फक्त टूल्स बंद होते. तेव्हापासून मी ‘माहिती नाही’ असंच छापतो आणि शेजारच्या रकान्यात टूल्सची स्थिती देतो.

कळफलक:
पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहिला असेल तर आजच काढा. व्हीसेंटरवर फक्त रीड-ओन्ली रोल असलेलं वेगळं खातं घ्या. गेट-क्रेडेन्शियलचा निकाल एक्स्पोर्ट-सीएलआयएक्सएमएलने फाइलमध्ये ठेवता येतो. विंडोजवर ती फाइल त्याच यूझरला, त्याच मशीनवर उघडते. म्हणून शेड्यूल्ड टास्क ज्या खात्याने चालणार, त्याच खात्याने ती बनवा. लिनक्सवर हा मार्ग नको, तिथे पासवर्ड एन्क्रिप्ट होत नाही.

तिसरी_खिडकी:
आम्ही व्हीएमवेअरऐवजी प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीवर आहोत. तिच्या पीव्हीईएसएच कमांडने क्लस्टर-रिसोर्सेस जेसनमध्ये (स्क्रिप्टला वाचता येणारं मजकूर-स्वरूप) मागितले की सगळ्या व्हीएमची यादी एका फटक्यात मिळते. पण क्यूईएमयू (प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम) व्हीएमचा वापरलेल्या डिस्कचा आकडा तिथेही शून्यच दिसतो. खरा आकडा गेस्ट एजंटला, म्हणजे टूल्ससारख्याच आतल्या प्रोग्रॅमला, विचारावा लागतो. शून्याबद्दल वर लिहिलंय ते इथेही लागू.

रात्रपाळी:
जुना_होस्ट, मनापासून आभार! गेट-व्ह्यूने आता दोन मिनिटांच्या आत तक्ता तयार होतो. एक स्नॅपशॉट दोनशे अकरा दिवसांचा निघाला, नाव ‘अपडेटआधी’. मालकाला कळवलंय. आता सीपीयू रेडीचा (व्हीएम तयार असून प्रोसेसरसाठी थांबून राहिली तो वेळ) रकानाही मागितलाय. गेट-स्टॅटमधून चार-चार हजार असे आकडे येतात, ते वाचायचे कसे?

जुना_होस्ट:
ते मिलिसेकंद आहेत. रिअलटाइमचा एक नमुना २० सेकंदांचा, म्हणजे २०,००० मिलिसेकंदांचा. ४,००० म्हणजे २० टक्के. हा सगळ्या व्हीसीपीयूंचा (व्हीएमला दिलेले आभासी प्रोसेसर) मिळून आकडा असतो, चार व्हीसीपीयू असतील तर प्रत्येकी ५ टक्के. रिअलटाइमचे नमुने साधारण तासाभराचेच मिळतात. मागच्या दिवसाचा डेटा घ्याल तेव्हा नमुना ५ मिनिटांचा होतो, तिथे ३,००,००० ने भागा. नमुन्याचा अवधी इंटरव्हलसेक्स या फील्डमध्ये सेकंदांत असतो, त्याला १,००० ने गुणून भाजक तिथूनच घ्या, हाताने लिहू नका.