उतारावरचे आणि अंधारात उभे असलेले ट्रक : तुमचे अनुभव लिहा

13 नोव्हेंबर 2025 ला पुण्यात नवले पुलाजवळ कंटेनरने पुढच्या गाड्या उडवल्या, एक कार मधे चेपून पेटली, आठ माणसं गेली. 2022 च्या नोव्हेंबरमधे पण इथेच एका ट्रकने 48 गाड्या ठोकल्या होत्या. मी नऱ्ह्यात राहतो, कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की दरी पुलावरून थेट नवले पुलापर्यंत उतारच उतार, आणि खाली आलं की सोसायट्या, कॉलेजं, रिक्षा, रस्ता ओलांडणारी पोरं. स्पीड कॅमेरे लागले, बोर्ड लागले, तरी हॉर्न ऐकला की छातीत धस्स होतं. तुमच्या हायवेवर काय चाललंय ते लिहा, कुठे, किती वाजता, नक्की काय झालं ते सांगा.

धायरीकरीण
माझा रोजचा स्कूटीचा रस्ता. सर्व्हिस रोड मधेच संपतो मग हायवेवर यावंच लागतं. संध्याकाळी जाम लागला की शेजारच्या ट्रकच्या चाकातून ब्रेकचं लायनर जळाल्याचा वास येतो, एकदा तर धूर दिसत होता आणि ड्रायव्हर वर निवांत फोनवर. मी हात हलवून ओरडले तेव्हा त्याने खाली वाकून बघितलं आणि गाडी कडेला घेतली. तेव्हापासून उतारावर ट्रकच्या पुढे राहतच नाही, सरळ बाजूला होऊन त्याला जाऊ देते.

लाईनवाला
ताई वास आला म्हणजे ब्रेकचे ड्रम तापलेत. मी सांगली भिवंडी लाईनला गाडी चालवतो म्हणून सांगतो. मालक ट्रिपचं डिझेल मोजून देतो, वाचलं तर ड्रायव्हरचं, म्हणून लोक उतारावर न्यूट्रल मारतात, काहीजण तर इंजिनच बंद करतात. मग गाडीला धरून ठेवणारी इंजिनची ओढ राहत नाही, वीस पंचवीस टन माल नुसत्या ब्रेकवर येतो, सारखा पाय दाबून ड्रम तापतात, लायनर पकडत नाही. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, इंजिन बंद असलं तर ती हवा पण भरत नाही, दाबून दाबून टाकीतली हवा संपते आणि स्टिअरिंग दगडासारखं जड. पेपरात येतं ब्रेक फेल, पण बरेचदा ब्रेक आधी चांगलाच असतो हो. जुने उस्ताद सांगायचे ज्या गिअरला घाट चढतो त्याच गिअरला उतरायचा. हे नवीन पोरांना कोण शिकवणार, क्लिनर ठेवणंच बंद झालंय, पोरगं डायरेक्ट स्टिअरिंगवर बसतं.

शिरपूरचा
अगदी हेच. आमच्याकडे बिजासन घाट उतरून महाराष्ट्रात आलं की पळासनेर. जुलै 2023 मधे कंटेनर गाड्यांना ठोकत थेट बसथांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. थांब्यावर गाडीची वाट बघणाऱ्या लोकांचा काय दोष होता? मुंबई आग्रा रोडला लागून गावं आहेत, उतार संपतो तिथेच माणसं उभी असतात, याचा विचार रस्ता करतानाच व्हायला पाहिजे होता.

वैजापूरहून
उभ्या ट्रकांबद्दल पण बोला. समृद्धीवर ऑक्टोबर 2023 ला आमच्या इथे टेम्पो ट्रॅव्हलर मागून ट्रकवर आदळली, 12 जण गेले. मागच्या हिवाळ्यात पहाटे आम्ही शिर्डीकडून येत होतो, डाव्या लेनमधे काहीतरी काळं दिसलं, भावाने कचकन उजवीकडे घेतली, बाजूने जाताना कळलं की ट्रक उभा आहे. पार्किंग लाईट नाही, मागचा रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, टायरमागे दोन दगड आणि फांदी टाकलेली. आई मागच्या सीटवर झोपलेली होती. घरी येईपर्यंत आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही.

कोल्हापुरी
सीझनमधे उसाच्या दोन दोन ट्रॉल्या, मागे एक लाल दिवा नाही. कारखान्यानेच गेटवर रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली आत घेऊ नये, दुसरा उपाय मला तरी दिसत नाही.

लाईनवाला
वैजापूरहून, दादा तुमचं खरंय, पण रात्री डोळा लागायला लागला तर गाडी लावायची कुठं? ढाब्यावर जागा नाही, पेट्रोल पंपवाला हाकलतो, आणि आडबाजूला लावली तर डिझेल चोरतात. म्हणून पोरं कडेलाच लावतात. मी रोज निघायच्या आधी मागचा दिवा आणि रिफ्लेक्टरची पट्टी फडक्याने पुसतो, दोन मिनिटं लागतात. आणि नॅशनल हायवेवर असा बंद ट्रक दिसला तर हायवेच्या हेल्पलाईनला 1033 वर फोन लावा, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, म्हणजे त्यांना जागा लगेच सापडते.